गळतीचे गणित



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा हा कामगार चळवळीतला माणूस किमान वेतनावर, कंत्राटी पद्धतीवर किंवा बंद पडलेल्या कारखान्यांवर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तो पुंजयामिकीचा. चिटणीसांनी पुन्हा निरोप पाठवून विचारले, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नाही. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात, कर्जत-मुंबई लोकलच्या गर्दीत आणि दोन गेटसभांच्या मधल्या वेळात झाले. तेव्हा विद्वानांनी माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये. ज्या वाटेने मी या विषयापर्यंत पोहोचलो, तीच वाट आज आपल्याला दाखवावी, एवढाच माझा हेतू आहे.

ही वाट सुरू होते एका वजनकाट्यापाशी.

गोष्ट सुमारे तीस वर्षांपूर्वीची. अंबरनाथच्या एका कारखान्यात मी हेल्पर होतो. कारखान्याचे नाव सांगण्याची गरज नाही. आमच्या खात्यात भुकटीच्या गोण्या भरून तोलावयाच्या असत आणि मजुरी वजनावर मिळे. तोलण्यासाठी मोठ्या तबकडीचा काटा होता. गोणी ठेवली की काटा पन्नासच्या पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे जाई. मागे रांग खोळंबलेली. लिहिणारा कारकून त्या क्षणी काटा जेथे असेल तेथला आकडा लिही. कधी एकावन्न, कधी एकोणपन्नास. एकोणपन्नासच जास्त वेळा लिहिले जातात, अशी आमची समजूत होती. मी तेव्हा नवा प्रतिनिधी, अंगात रग. मागणी लिहून दिली की, काटा हलता कामा नये. ती तत्काळ मान्य झाली. मागणी तत्काळ मान्य होते तेव्हा ती पुन्हा एकदा वाचून पाहावी, हे शहाणपण मला नंतर आले.

अशा काट्यामागे तेलाचे एक नळकांडे असते. त्यात एक दट्ट्या खालीवर होतो. त्याला डॅशपॉट म्हणतात. त्यात जाड तेल भरण्यात आले. दुसऱ्या दिवसापासून काटा शांत! गोणी ठेवावी आणि काट्याने सावकाश, प्रतिष्ठित माणसासारखे वर चढावे. आम्हांला मोठा विजय वाटला. महिनाअखेर हिशेब हाती आला तो पूर्वीपेक्षा कमी.

आमच्या खात्यात एक वृद्ध फिटर होते, सारे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांनी काट्यापुढे पाच मिनिटे उभे राहून पाहिले आणि मला म्हणाले, "हलणारा काटा दोन्ही बाजूंना खोटं बोलतो, पोरा. रांगणारा काटा एकाच बाजूला खोटं बोलतो. तो शून्यावरून निघतो आणि खऱ्या वजनाला पोचायच्या आत तुझी गोणी खाली उतरते." ते जाड तेल मुद्दाम घातले की अजाणता, हे मला आजही सांगता येणार नाही. नुकसान मात्र माझ्या सहीने झाले. मग मिस्त्रींनी स्वतः तेल पातळ करीत नेले. थोडे पातळ तेल मिसळावे, गोणी ठेवावी, पाहावे. असे करता करता एक जागा अशी आली की काटा सरळ वजनावर जाऊन थांबला. तेल आणखी किंचित पातळ केल्यावर तो केसभर पुढे जाऊन परतला. "आता बरोबर," मिस्त्री म्हणाले. "एकदा पुढे जाऊन परतला म्हणजे अडकलेला नाही, हे कळतं."

झोके खाणारा काटा आणि रांगणारा काटा यांच्या सीमेवरची जी ती जागा, तिच्यावरच आज मी बोलणार आहे. ती फक्त तराजूत नसते. ती स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशात असते, लेसरमध्ये असते आणि अणूच्या ऊर्जापातळ्यांतही असते, हे मला फार उशिरा कळले.

थोडे आकडे मांडतो. भिऊ नका, काटकोन त्रिकोणापलीकडचे गणित यात नाही. काट्याच्या स्प्रिंगचा जोर ५ धरा. तेल मुळीच नसेल तर काटा ५ च्या गतीने झोके घेत राहील. आता तेलाचा विरोध ३ धरा. पाचाच्या वर्गातून तिनाचा वर्ग वजा करून मूळ काढले की ४ येतात. झोक्याची गती ४ झाली. विरोध ४ केला की गती ३. विरोध ५ केला की गती शून्य, म्हणजे झोके संपले. ही ती सीमा. आता विरोध १३ करा. झोके नाहीतच; पण काट्याच्या दोन निराळ्या चाली निघतात. १३ च्या वर्गातून ५ चा वर्ग वजा केला की १२ चा वर्ग उरतो. तेरात बारा मिळविले की २५, ही वेगवान चाल. तेरातून बारा वजा केले की १, ही मंद चाल. वेगवान चाल क्षणात संपते. हिशेब अडतो तो मंद चालीपाशी. या आकड्यांची गती दर सेकंदाची धरली, तर सीमेवरचा काटा पन्नास किलोंच्या गोणीला सव्वा-दीड सेकंदात अर्ध्या किलोच्या आत आणतो. विरोध १३ असता चौथ्या सेकंदालाही काटा सुमारे एक किलो कमीच दाखवितो. आमच्या मजुरीतला तो किलो कोठे गेला, याचे हे उत्तर आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. तेल १३ वरून कमी करीत आणा. मंद चाल वेगवान होत जाते, वेगवान चाल मंदावत येते, आणि विरोध ५ झाला की दोघी ५ वर भेटतात. दोन आकडे सारखे झाले. यात नवल काय, असे कोणी विचारील. नवल समजण्यासाठी गवंड्याचा ओळंबा आठवा. त्याला उत्तर-दक्षिण झोका दिला काय किंवा पूर्व-पश्चिम दिला काय, झोक्याला लागणारा वेळ तोच. येथेही दोन आकडे सारखे आहेत. पण झोके दोनच राहतात. त्या दोन दिशा एकमेकींस काटकोनात असल्यामुळे कितीही सारख्या झाल्या तरी एक होत नाहीत. काट्याचे तसे नाही. विरोध ५ झाला की आकडे सारखे होतात आणि चालीही एकच होऊन जातात. दुसरी स्वतंत्र चाल उरतच नाही. तिच्या जागी पहिलीच चाल वेळेने गुणून वापरावी लागते.

सारखे असणे निराळे आणि एकच होऊन जाणे निराळे. दोन संघटनांच्या मागण्या सारख्या असल्या तरी त्या दोन संघटना असतात. त्या एकमेकींत विरून गेल्या की आत दुसरा आवाज राहत नाही. उपमा फार ताणत नाही. पण चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा भेद चटकन कळतो. ज्या जागी दोन अवस्था अशा विरून एक होतात, त्या जागेला गणितात अपवाद-बिंदू म्हणतात. हे नाव रूढ केले एका जपानी गणितज्ञाने, १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात. योगायोग असा की, त्यांचे नाव तोसिओ काटो!

आता पुंजयामिकीकडे वळू. अणूला वाटेल तेवढी ऊर्जा घेता येत नाही. त्याच्या ठरावीक पातळ्या असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पाठ्यपुस्तकात अणू बंद खोलीत असतो. आत काही येत नाही, बाहेर काही जात नाही. अशा व्यवस्थेच्या गणिताला फ्रेंच गणितज्ञ चार्ल्स एर्मीत (१८२२–१९०१) यांच्या नावावरून हर्मिशियन म्हणतात. त्यात प्रत्येक पातळीची ऊर्जा साधा, खरा आकडा असते आणि निरनिराळ्या ऊर्जेच्या अवस्था परस्परांस काटकोनात असतात. दोन पातळ्यांची ऊर्जा सारखी झाली तरी अवस्था दोनच राहतात. तेथे ओळंब्याचा न्याय चालतो.

परंतु जगात बंद खोली कोठे आहे? युरेनियमच्या गर्भातून आल्फा कण बाहेर पडतो. १९२८ साली जॉर्ज गॅमॉव्ह यांनी त्याचे गणित मांडले, तेव्हा ऊर्जेच्या आकड्याला दोन रकाने द्यावे लागले. एका रकान्यात ऊर्जा, दुसऱ्यात गळती किती वेगाने चालली आहे ती. उणे एकाचे वर्गमूळ जिला चिकटलेले असते, अशी संख्या या कामी येते. ही झाली बिगर-हर्मिशियन व्यवस्था. येथे काटकोनाची हमी उरत नाही. अवस्था एकमेकींकडे कलू लागतात, मधला कोन मिटत जातो, आणि कोन पूर्ण मिटला की अपवाद-बिंदू आला. म्हणजे तो बंद खोलीत कधीच भेटत नाही. त्याला गळती लागते, किंवा कोठून तरी भर लागते.

या बिंदूभोवती फिरण्याचाही एक चमत्कार आहे. आपल्या अंबरनाथला वालधुनीकाठी शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे. शिवाची प्रदक्षिणा कशी घालतात हे आपण जाणताच: सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर जाण्याची वाट, ओलांडावयाचे नाही, तेथून मागे फिरावयाचे. २००१ साली जर्मनीत डार्मस्टाट येथे धातूच्या पेटीत सूक्ष्मतरंग सोडून शास्त्रज्ञांनी अपवाद-बिंदूभोवती अखंड प्रदक्षिणा घातली. एक फेरी पूर्ण झाली तेव्हा पहिली अवस्था दुसरीच्या जागी गेली होती. दोन फेऱ्यांनी ती स्वस्थानी आली, पण चिन्ह उलटे होऊन. पूर्ववत होण्यास चार फेऱ्या लागल्या.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशचे झाले. तसे नाही. या विषयाचा एक मूळ झरा भारतात आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे एस. पंचरत्नम् (१९३४–१९६९) बेंगळुरूला काम करीत. १९५५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, प्रकाश शोषणाऱ्या स्फटिकांवरील त्यांचे निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाले. साध्या पारदर्शक स्फटिकात कोणत्याही दिशेने प्रकाशाची दोन कंपने जाऊ शकतात, आणि ती काटकोनात असतात. शोषणाऱ्या स्फटिकात काही विशिष्ट दिशा अशा असतात की, तेथे दोहोंऐवजी एकच कंपन उरते, आणि तेही मळसूत्रासारखे फिरणारे. उलट्या हाताचे मळसूत्र आत सोडले तर ते हळूहळू सुलट्या हाताचे होत जाते. या दिशांचा निर्देश जर्मनीत व्होल्डेमार फोग्ट यांनी १९०२ सालीच केला होता. पंचरत्नम् यांनी त्यांचे सांगोपांग विवेचन केले आणि आयोलाइट नावाच्या स्फटिकावर प्रयोगही केले. तेव्हा 'अपवाद-बिंदू' हे नाव रूढ व्हावयाचे होते. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कामाची थोरवी जगाला पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी दाखवून दिली.

१९९८ साली कार्ल बेंडर व स्टेफान बट्चर यांनी आणखी एक धक्का दिला. व्यवस्था हर्मिशियन नसली, पण गळती आणि भर यांचा आरशासारखा तोल असला, तर सर्व ऊर्जा पुन्हा खऱ्या आकड्यांच्या येऊ शकतात, असे त्यांनी दाखविले. तो तोल मोडतो तेथे पातळ्या जोडीजोडीने भेटतात, तेच अपवाद-बिंदू. आपल्यापासून फार दूर नसलेल्या तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, झफर अहमद आणि सुधीर रंजन जैन यांनी या क्षेत्रात संशोधन केले. २००९ च्या जानेवारीत या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली, आणि तीतील निबंधांचा विशेषांक 'प्रमाण' या नियतकालिकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काढला. 'प्रमाण' काढते तीच अकादमी, जिच्या कार्यवृत्तात पंचरत्नम् यांनी लिहिले होते.

२०१९ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे केटर मर्च यांच्या प्रयोगशाळेत हा बिंदू एका पुंज-मंडलात प्रत्यक्ष तपासण्यात आला. सिद्धांताच्या बाजूने त्यांचे सहकारी होते इंडियानापोलिसच्या विद्यापीठातील योगेश जोगळेकर. नाव ऐकून कान टवकारले असतील. माझेही टवकारले होते. अतिशीत अवस्थेतल्या त्या विद्युत्-मंडलाला तीन पायऱ्या होत्या. मधल्या पायरीवरून तळाला गळती मुद्दाम वाढविली होती. मधली आणि वरची पायरी एकमेकींना जोडली होती. जोड गळतीपेक्षा बळकट असता अवस्था दोन पायऱ्यांत झोके घेई. गळती वरचढ झाली की झोके थांबत. मिस्त्रींचा काटाच तो, अणूच्या जगातला!

या प्रयोगातली एक अट मात्र मला रात्रभर छळत राहिली. ज्या खेपांत अवस्था तळाला पडली, त्या खेपा हिशेबातून वगळावयाच्या; ज्या खेपांत ती वरच्या दोन पायऱ्यांवर टिकली, तेवढ्याच मोजावयाच्या. हे प्रामाणिकपणे सांगून केलेले असते, त्यात लबाडी नाही. परंतु ज्यांची नावे अजून मस्टरवर आहेत तेवढ्यांचाच हिशेब, असा त्याचा अर्थ होतो. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कारखाने बंद पडताना मी पाहिले आहेत. उरलेल्यांचा सरासरी पगार वाढला म्हणून आनंद मानणारी पत्रके मी वाचली आहेत. ज्यांची नावे मस्टरवरून गेली, ते त्या सरासरीत कोठे होते?

विज्ञानाने त्याचीही सोय केली आहे, हे वाचून मला खरोखर समाधान वाटले. वर टिकलेले आणि तळाला पडलेले, दोघांचाही एकत्र हिशेब ठेवणारे समीकरण १९७६ साली मांडण्यात आले. एकीकडे गोरान लिंडब्लाड यांनी आणि दुसरीकडे गोरिनी, कोसाकोव्हस्की व सुदर्शन या त्रयीने ते दिले. त्यातले ई. सी. जी. सुदर्शन हे आपले भारतीय, आणि उमेदीच्या वर्षांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले. बिगर-हर्मिशियन गणित हा त्या मोठ्या वहीचा एक भाग आहे. भाग उपयोगी असतो, पण तो भाग आहे हे विसरता कामा नये.

शेवटी उपयोगाचे दोन शब्द. गळती म्हणजे निव्वळ तोटा, असे आपण समजतो. २०१४ साली सेंट लुईसलाच दोन सूक्ष्म कड्यांच्या लेसरमध्ये एका कडीतली गळती वाढवीत नेली. लेसर मंद होत विझला. गळती आणखी वाढविली, तर तो पुन्हा पेटला! अपवाद-बिंदू ओलांडल्यावर प्रकाश गळक्या कडीतून निघून चांगल्या कडीत गोळा झाला होता.

दुसरा उपयोग अतिसूक्ष्म मोजमापाचा. आपल्या काट्याकडे परत या. तेल मुळीच नसताना ०.१ इतका विरोध आणला, तर झोक्याची गती ५ वरून ४.९९९ होते, कोणाच्या लक्षातही येणार नाही. सीमेवर मात्र विरोध ५ चा ४.९ केला की गती शून्यावरून जवळजवळ १ वर उडी घेते. इवलासा बदल, पण परिणाम केवढा! याच तत्त्वावर अतिसंवेदनशील मापके करता येतील, असे २०१७ मधील प्रयोगांनी सुचविले. पण २०२० साली कॅलिफोर्नियात लेसरच्या भ्रमणमापकावर असे दिसून आले की, बिंदूजवळ संवेदना जितकी वाढते तितकाच काट्याचा थरथराटही वाढतो, आणि नफा तेथल्या तेथे फिटतो. अशा मापकांचा खरा लाभ किती, यावर शास्त्रज्ञांत वाद चालू आहे. मला तो वाद आवडतो. तेथे कोणी काटा शांत दिसतो म्हणून पेढे वाटीत नाही.

आमच्या त्या महिन्याच्या फरकाची रक्कम आम्हांला कधी मिळाली नाही. तेल मात्र बदलले, आणि ते कसे असावे हे पुढच्या करारात लिहून घेतले: काटा एकदा पुढे जाऊन परतल्याशिवाय वजन वाचू नये. मिस्त्री आज नाहीत. अपवाद-बिंदू हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता, पण तो बोटांनी शोधून काढला होता.

आता तबकडीचे काटे गेले, आकड्यांचे आले. त्यांच्या आतही थरथर निववून आकडा स्थिर करण्याची योजना असतेच. उद्या बाजारात किंवा कारखान्याच्या फाटकावर आपला माल तोलला जाईल, तेव्हा आकडा स्थिर दिसला म्हणजे वजन खरे, असे धरून चालू नका. तो किती वेळ थांबून स्थिर झाला, हे विचारा. विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि त्यामागचे गणित समजून घेण्याचाही.